मिरर रिपॉझिटरीचे समक्रमण

दूरस्थ सर्व्हरवरील मूळ रिपॉझिटरीची (कोड आणि त्यातील बदलांचा इतिहास यांच्या साठ्याची) संपूर्ण प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवून मुळातील बदल तिच्यात वेळोवेळी उतरवून घेण्याची आवृत्ती-नियंत्रणातील प्रक्रिया. अशा प्रतीला मिरर म्हणतात. मिररमध्ये थेट कोणी काम करीत नाही. बदल मुळाकडून प्रतीकडे, एकाच दिशेने येतात. मूळ सर्व्हरवरचा भार कमी करणे आणि तो बंद असतानाही कोड उपलब्ध ठेवणे, हे तिचे मुख्य हेतू.

प्रक्रियेच्या उगमाविषयी दोन मते दिसतात. एक मत तिला एफटीपी मिररच्या, म्हणजे फाइल-हस्तांतर सर्व्हरच्या प्रती ठेवण्याच्या, प्रथेशी जोडते. १९९६ मध्ये आलेले, फायलींतील फरक तेवढाच पाठवणारे आरसिंक आणि साधारण त्याच दशकाच्या उत्तरार्धात फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात रुळलेले, जॉन पोल्स्ट्रा यांचे सीव्हीसप ही या परंपरेतील साधने. दुसरे मत तिचा आरंभ एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर न विसंबणाऱ्या, ग्नू आर्चसारख्या वितरित प्रणालींत मानते. आर्चमध्ये मिररसाठी स्वतंत्र आज्ञा होती. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. सीव्हीसपला सीव्हीएस या जुन्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या इतिहास-फायलींची अंतर्गत रचना कळत असे आणि ते त्यांतील नवी भर तेवढीच पाठवी. म्हणजे फायलींऐवजी इतिहासाची प्रत घेण्याची कल्पना तेथे आधीच आकाराला आली होती. सबव्हर्जन या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या १.४ आवृत्तीत (२००६) एसव्हीएनसिंक हे मिररचे साधन आले. ते मुळातील आवृत्त्या क्रमाने एकेक करून मिररमध्ये पुन्हा नोंदवते. आधीच उतरवलेल्या आवृत्तीचा संदेश मुळात नंतर बदलला, तर तो आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते.

गिट या वितरित प्रणालीत (२००५) हे काम 'गिट क्लोन --मिरर' ही आज्ञा करते; क्लोन म्हणजे रिपॉझिटरीची प्रत. नुसत्या 'बेअर' (कामाच्या फायलींविना, फक्त इतिहास असलेल्या) क्लोनपेक्षा ती वेगळी आहे. बेअर क्लोनमध्ये पुढील फेचसाठी (बदल ओढून आणण्यासाठी) कोणताच रेफस्पेक, म्हणजे मुळातील कोणती नावे (रेफ) कोणत्या नावांनी उतरवायची याचा नियम, नोंदवला जात नाही. मिररमध्ये '+रेफ्स/*:रेफ्स/*' हा रेफस्पेक बसतो. त्यामुळे ब्रँच (कामाच्या शाखा), टॅग (ठरावीक टप्प्यांची नावे), नोट्स (जोड-टिपा) असे सर्व रेफ मुळातल्याच नावांनी येतात. आरंभीचे अधिकचिन्ह फार महत्त्वाचे आहे. मुळात कोणी फोर्स पुश (बळजबरीने बदल पाठवणे) करून इतिहास पुन्हा लिहिला, तर या चिन्हामुळे मिररही तो निमूट स्वीकारतो. त्यातच बेअर रिपॉझिटरीत रेफलॉग (रेफमधील बदलांची नोंदवही) सहसा बंदच असतो, म्हणून जुन्या कमिटकडे (नोंदवलेल्या बदलाकडे) परत जाण्याची खूण उरत नाही. त्या कमिटचे सुटे ऑब्जेक्ट (गिटने साठवलेले माहितीचे तुकडे) दोन आठवड्यांहून जुने झाले की साफसफाईत कायमचे जाऊ शकतात. पुढील समक्रमण 'गिट रिमोट अपडेट'ने होते. त्याला '--प्रून' जोडले, तर मुळात पुसलेल्या ब्रँच मिररमधूनही पुसल्या जातात. प्रून न करावे तर मृत ब्रँच साचतात आणि जुन्या 'अ' ब्रँचच्या जागी मुळात 'अ/ब' तयार झाली की नावांचा संघर्ष होऊन फेच अडते. सार्वजनिक मिररसाठी प्रून करणेच योग्य. गिटच्या जुन्या आवृत्त्यांत मुळातील मुख्य ब्रँचचे नाव बदलले, तरी मिररचे हेड (मुख्य ब्रँच दाखवणारी खूण) जुन्याच नावाकडे बोट दाखवत राही. प्रूननंतर ते नाव नाहीसे होई आणि मिररवरून क्लोन करणाऱ्याच्या हाती चेकआउट न झालेली, म्हणजे कामाच्या फायली न उतरलेली, रिकामी दिसणारी डिरेक्टरी येई.

मिररला बॅकअप मानू नये, हे मार्च २०१३ मधील केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्रसंगातून स्पष्ट झाले. मुख्य गिट सर्व्हरवरील फाइल-सिस्टीम बिघडली. मिरर सर्व्हर रिपॉझिटरींच्या यादीवर विसंबून होते. सदोष यादी प्रमाण मानून त्यांनी आपल्याकडच्या रिपॉझिटरीही काढून टाकल्या. धोक्यात आलेल्या रिपॉझिटरी सुमारे १,५०० होत्या. एका सर्व्हरवर शाबूत प्रती सापडल्या म्हणून प्रकल्प बचावला. मिरर जितका प्रामाणिक, तितका तो मुळातील नासधूसही तत्परतेने उतरवतो. म्हणून समक्रमणानंतर 'गिट एफएससीके'ने ऑब्जेक्टची पडताळणी करणे आणि तारखेनिशी वेगळे बॅकअप ठेवणे ही दोन्ही कामे आवश्यक ठरतात.

समक्रमण बहुधा क्रॉनने (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनाने) किंवा वेबहुकने (बदल होताच येणाऱ्या सूचनेने) सुरू केले जाते. रिपॉझिटरी बऱ्याच असतील, तर प्रत्येकीला विचारत बसणे खर्चिक होते. लिनक्स कर्नलच्या कर्नल डॉट ऑर्ग या संकेतस्थळासाठी तयार झालेले ग्रोकमिरर एकच मॅनिफेस्ट (रिपॉझिटरींची यादी) पाहून बदललेल्या रिपॉझिटरीच तेवढ्या ओढते. गिटहब या गिट-रिपॉझिटरी ठेवण्याच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या मिररमध्ये पुल रिक्वेस्टचे (बदल सामावून घेण्याच्या विनंत्यांचे) रेफही येतात, पण ते तेथेच दुसऱ्या रिपॉझिटरीत 'पुश --मिरर'ने पाठवू गेल्यास नाकारले जातात. हुक (ठरावीक घटनांवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि कॉन्फिग (सेटिंग्ज) मिररमध्ये येत नाहीत. एलएफएस या वेगळ्या साठवणीच्या सोयीतील मोठ्या फायली 'गिट एलएफएस फेच --ऑल'ने स्वतंत्रपणे आणाव्या लागतात, तर सबमोड्यूलचे (रिपॉझिटरीत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरींचे) मिरर वेगळे करावे लागतात.