गोठवलेलं मूल पुन्हा जिवंत होतं का?

‘अमेरिकेत मृत मुलाला गोठवतात आणि काही वर्षांनी जिवंत करतात,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. लेकरू गेल्यावर आईबाप अशी आशा धरतील, यात नवल नाही.

यातला गोठवण्याचा भाग खरा आहे. कायद्याने मृत्यू जाहीर झाल्यावर रक्ताच्या जागी बर्फरोधक द्रावण भरतात आणि शरीर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. जिवंत मात्र आजवर कुणीही झालेलं नाही. द्रावण पोचत नाही तिथे बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. पोचतं तिथे त्याचाच विषार बाधतो, शिवाय काचेसारख्या कडक झालेल्या अवयवांना तडे जातात.

मग गोठवलेल्या भ्रूणापासून बाळ कसं होतं? प्रश्न रास्त आहे. पण भ्रूण असतो मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा, त्यात द्रावण मिनिटांत भिनतं.

पडताळायचं तर प्रत्यारोपण केंद्रात विचारा: दान केलेलं हृदय गोठवून न ठेवता काही तासांतच का बसवतात?