नसदुखी, जुनाट : रेणू आणि जनुकांचं नियंत्रण

नसेलाच इजा किंवा आजार झाल्यामुळे होणारं आणि साधारण ३ महिन्यांच्या वर टिकणारं दुखणं. मधुमेह, नागीण, केमोथेरपी ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. जखम भरलेली असते, एमआरआयमध्ये कधीकधी काहीच दिसत नाही, पण पायावरून चादर सरकली तरी चटका बसतो आणि पेशंटला सांगतात की मनाचे खेळ आहेत, हे फार चुकीचं आहे, कारण पेशींच्या आत बदल खरंच झालेले असतात.

नस दुखावली की तिच्या पेशी (या मणक्यालगतच्या डॉर्सल रूट गँगलियनमध्ये असतात) एटीएफ३ हे (इतर जीन्स चालू-बंद करणारं) प्रोटीन जोरात बनवायला लागतात आणि जीन्सचा सगळा कारभारच बदलतो. कॅल्शियम चॅनेलचा (पेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या दाराचा) अल्फा-२-डेल्टा-१ हा भाग वाढतो, नसदुखीचं औषध गाबापेंटिन यालाच चिकटतं. पेशीला शांत ठेवणारे पोटॅशियम चॅनेल मात्र घटतात. डीएनएचं अक्षर एकही बदलत नाही. उंदरांमध्ये दिसलंय की जी९ए हे एन्झाइम हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनवर) आणि डीएनएमटी३ए हे एन्झाइम थेट डीएनएवर मेथिलच्या छोट्या रासायनिक खुणा करतं आणि केसीएनए२ सारखी पोटॅशियम चॅनेलची जीन्स गप्प होतात. मॉर्फिन जिथे चिकटतं त्या म्यू-ओपिऑइड रिसेप्टरचं जीनही असंच दबतं, मॉर्फिन इथे कमी चालतं ते बहुधा त्यामुळेही.

खरा वाद मेरुरज्जूतला आहे. २००३ च्या सुमारास दिसलं की तिथल्या पेशींमधला केसीसी२ हा क्लोराइड बाहेर फेकणारा पंप घटतो, मग गाबा या पेशींना शांत करणाऱ्या रसायनाचा ब्रेक नीट लागत नाही. २००५ मध्ये कूल आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की मायक्रोग्लिया (मज्जासंस्थेतल्या संरक्षक पेशी) बीडीएनएफ हे प्रोटीन सोडतात आणि त्याने हे होतं. पण २०१५ मध्ये सॉर्ज, मोगिल वगैरेंनी दाखवलं की ही वाट नर उंदरांत चालते, माद्यांमध्ये टी-पेशींचा (रोगप्रतिकार करणाऱ्या रक्तातल्या पेशींचा) हात असावा, आणि पुढे काही संशोधकांना मायक्रोग्लियात बीडीएनएफ जेमतेमच सापडलं, त्यांच्या मते ते संवेदी पेशींकडूनच येतं. पंप घटतो हे बऱ्यापैकी पक्कं धरायला हरकत नाही, बीडीएनएफ कुठून येतं ते अजून मोकळं ठेवलेलं बरं. आधीचं बरंच काम नर उंदरांवरच झालं, ही उणीव लहान नाही.

माणसांमधला सगळ्यात भक्कम पुरावा एससीएन९ए या, वेदना-पेशींतलं सोडियम चॅनेल बनवणाऱ्या जीनचा. त्याच्या बिघाडाने एरिथ्रोमेलाल्जिया या आजारात हातपाय भाजल्यासारखे होतात (२००४), आणि तेच जीन बंद पडलेल्या पाकिस्तानातल्या काही कुटुंबांमधल्या मुलांना वेदनाच होत नव्हती (२००६). त्याच कुळातल्या एनएव्ही१.८ चॅनेलवरचं सुझेट्रिजिन हे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते ताज्या दुखण्यासाठी, जुनाट नसदुखीसाठी नाही.