पार्श्वभूमी : मोफत उपचार, पण कुठल्या ‘सिव्हिल’मध्ये?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे घेणे बंद झाले. तपासण्या, एक्स-रे, शस्त्रक्रियाही मोफत झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत २,४१८ संस्था आणि वर्षाला २.५५ कोटी रुग्ण, असा आवाका त्या वेळी सांगण्यात आला. घोषणा ‘सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत’ अशी झाली, शासन निर्णय मात्र एकाच विभागापुरता निघाला. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि महापालिकांची रुग्णालये महापालिकांकडे असल्याने दोन्ही या निर्णयाबाहेर राहिली. दुखणे जितके मोठे, तितका रुग्ण नेमका या दोन ठिकाणी पाठवला जातो.

पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा देणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवले होते. पुढे राज्यघटनेत दवाखाने राज्यांच्या यादीत आले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावपातळीवरची केंद्रे त्यांच्याकडे गेली.

शुल्काचा प्रश्न खऱ्या अर्थाने नव्वदच्या दशकात तापला. जागतिक बँकेच्या कर्जातून जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांच्या सुधारणेचा प्रकल्प आला, त्याच सुमारास शुल्कवाढीची चर्चाही आली. जमा झालेले पैसे त्याच रुग्णालयात राहिले तर नळ, दिवे, खाटांची दुरुस्ती होईल, हा त्यामागचा युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता. मात्र सवलतीसाठी गरिबी सिद्ध करायची जबाबदारी रुग्णावर आली. दारिद्र्यरेषेखालचा दाखला दाखवा, नाहीतर पावती फाडा. रात्री दोनला अपघाताचा रुग्ण घेऊन आलेल्या माणसाच्या खिशात रेशनकार्ड असेल, हे गृहीत धरणे कागदावरच शोभते. बाळंतपण आणि नवजात बालकांसाठी ही अट २०११ मध्ये केंद्राच्या कार्यक्रमामुळे गळून पडली.

दरम्यान सरकारने दुसरा रस्ता धरला होता. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये राज्यभर, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार सुरू झाले, तेही खासगी रुग्णालयांतसुद्धा. हप्ता सरकार भरणार आणि दावा विमा कंपनी मंजूर करणार, अशी त्याची मांडणी होती. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर नेली आणि कार्डाच्या रंगाची अट काढली. त्याच पंधरवड्याच्या आसपास केसपेपर माफीही ठरली, निवडणुकाही फार लांब नव्हत्या. योजनेत मुख्यतः दाखल करून करायचे, ठरलेल्या यादीतले उपचार बसतात. ताप, खोकला, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या यांसाठी बाह्यरुग्ण विभागाची रांगच उरते.

खरा गुंता त्यानंतरचा आहे. प्रत्येक जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय, हे धोरण २०२१ पासून वेगाने पुढे सरकले. अलिबाग, सातारा, सिंधुदुर्ग ही सुरुवातीची नावे. २०२४ मध्ये एकाच वेळी आणखी दहा महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. नव्या महाविद्यालयाला शिकवण्यासाठी रुग्णालय लागते, ते नवे बांधायला वर्षे जातात, म्हणून जिल्हा रुग्णालयच त्याला जोडले जाते. इमारत तीच, वॉर्ड तेच, लोक अजूनही ‘सिव्हिल’च म्हणतात. हस्तांतर झाले की जिल्हा शल्यचिकित्सकाऐवजी महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांचा (डीन) हुकूम चालतो आणि आरोग्य विभागाच्या माफीची कक्षा दारातच संपते. विशेषज्ञ येतात हा फायदा मोठा आहे, तो नाकारता येणार नाही. पण दोन विभागांनी मिळून एकच आदेश काढणे अवघड का असावे, याचे पटेल असे उत्तर २०२३ च्या निर्णयात नाही.

माफीला दोन महिने होण्याआधीच, ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला, नांदेडच्या महाविद्यालयीन रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे कमी पडल्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो फेटाळला. त्यानंतर चर्चा केसपेपरवरून औषध खरेदीवर गेली. खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा त्याच वर्षी झालेला होता.