गारठ्याची इजा की ऊब देतानाची?

1950 मध्ये टोरोंटोत भूल दिलेले कुत्रे 20 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून हृदयाकडे येणारं रक्त 15 मिनिटं अडवण्यात आलं. सुमारे निम्मे वाचले. पुढच्या काही वर्षांत लंडनमध्ये रॅट 0 ते 1 अंशापर्यंत नेले गेले. हृदय तासभर बंद राहूनही त्यातले बरेच जगले, कारण आधी छातीवर तापवलेला धातू धरून फक्त हृदय उबदार केलं जाई. 1955 च्या सुमारास हे काम सूक्ष्मलहरींवर आलं. अंग आधी तापलं तर पेशी ऑक्सिजन मागू लागतात आणि तो पोचवणारा पंप मात्र बंदच असतो. ऊब देण्याचा क्रम हाच तिथला खरा शोध.

खरा गुंता ‘डीप हायपोथर्मिया’ म्हणजे शरीराचा खोल गारठा, यातल्या ‘डीप’ या शब्दात आहे. महाधमनीच्या शस्त्रक्रियेसाठी 2013 मध्ये ठरलेल्या वर्गवारीत डीप म्हणजे 14.1 ते 20 अंश, तेही नाकामागे घशात मोजलेले. 25 अंश तिथे ‘मध्यम’ ठरतात. गारठलेल्या माणसाला वाचवणाऱ्यांच्या लेखी 28 च्या खाली सगळंच ‘गंभीर’. त्यामुळे 25 अंशांवरचा रॅट कुठल्या खान्यात टाकायचा, हे शोधनिबंध लिहिणाराच ठरवतो. त्याहून वाईट म्हणजे तापमान कुठे मोजलं हे अनेकदा लिहिलेलंच नसतं. गुदद्वारातला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, रॅटमध्ये पाच-सहा सेंटिमीटर आत हवा. दोनच सेंटिमीटर आत असेल तर आकडा खोटा, कमी दिसतो. शिवाय ऊब देताना गुदाशय मागे रेंगाळतो. हीटर त्याच्या आकड्यावर चालवला तर हृदय आणि मेंदू जास्त तापतात, आणि ती इजा गारठ्याच्या खात्यावर जमा होते. मोजण्याची जागा न सांगणाऱ्या निबंधांची तुलना करूच नये.

इजेचं कारण रक्तपुरवठा तुटणं हेच, असं धरलं जाई. पुढे चित्र पालटलं. 15 अंशांवर काही तास ठेवलेल्या रॅटचं रक्ताभिसरण चालू असलं, तरी उबेवर आल्यावर दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं आणि हृदयाच्या स्नायूत कॅल्शियम साचलेलं सापडतं. 4 अंशांवर ठेवलेल्या रॅटच्या यकृतपेशींत मोकळं लोह वाढतं. डेफेरॉक्सामिन या लोह पकडणाऱ्या औषधाने ते बांधून ठेवलं की इजा बरीच कमी होते. म्हणजे रक्तपुरवठा तुटणं हे एकच कारण उरत नाही. हॅम्स्टर मात्र शीतनिद्रा घेणारा प्राणी. त्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी गारठा सोसतात, म्हणून त्याचे निष्कर्ष रॅटला लावता येत नाहीत.