गूटवरचं गोल्फ (जर्मनी)

गूट म्हणजे जर्मनीतली जुनी जमीनदारी इस्टेट, आणि तिच्याच शेतजमिनीवर केलेला गोल्फ कोर्स, मालकाच्या घरात नाहीतर गोठ्यात थाटलेलं रेस्टॉरंट, राहायला थोड्या खोल्या, असं सगळं एकत्र आलं की झाला गोल्फ रिसॉर्ट. (जर्मनमध्ये गूट म्हणजे ‘चांगलं’ पण, इथे मात्र अर्थ मालमत्ता.) बऱ्याच क्लबांच्या नावातच हा शब्द असतो, जसं हॅम्बुर्गच्या उत्तरेला आल्वेसलोहे गावातलं गूट काडेन किंवा कोलोनजवळ पुलहाइमचं गूट लेर्शेनहोफ, ज्याचा कोर्स अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलसने डिझाइन केलाय.

श्लेस्विग-होल्स्टाइन भागात जुन्या गूटची मांडणी साधारण ठरलेली. आधी लिंडेनच्या झाडांचा सरळ रस्ता, मग टोरहाउस, म्हणजे आपल्या वाड्याची देवडी म्हणा, आत भलंमोठं अंगण, दोन्ही बाजूंना उंच छपरांची कोठारं आणि गोठे आणि सगळ्यात शेवटी हेरेनहाउस, मालकाचं घर. बघायला एकदम झकास दिसतं, पण ही कोठारं भरायला आसपासच्या गावातली माणसं मालकाच्या जमिनीला अक्षरशः बांधलेली असायची आणि ती भूदासता तिथे कायद्याने संपली ती 1 जानेवारी 1805 ला. रिसॉर्टच्या ब्रोशरमध्ये हे सहसा नसतं.

शेती सोडून गोल्फ का, तर 18 होलच्या (होल म्हणजे बॉल घालायचा खड्डा आणि तिथवरचा पट्टा) कोर्सला साधारण 60-70 हेक्टर जमीन लागते, ती पण सलग, आणि गूटवाल्याकडे ती आयतीच एका मालकीची असते, पन्नास शेतकऱ्यांच्या दारात जायला नको. त्यात 1984 मध्ये युरोपात दुधाचा कोटा, म्हणजे किती दूध काढायचं याची मर्यादा आली, गायी वाढवून कमाई वाढवायचा रस्ता बंद झाला, मग जमिनीचं दुसरं काहीतरी करणं भागच होतं. पूर्व जर्मनीची गोष्ट वेगळी. तिथे 1945 च्या जमीन सुधारणेत 100 हेक्टरच्या वरच्या इस्टेटी भरपाई न देता काढून घेतल्या, त्यामुळे मेक्लेनबुर्गमधल्या फ्लेझेनझेसारखे रिसॉर्ट 1990 नंतर नव्याने उभे राहिले.

हे कोर्स पार्कलँड प्रकारचे. समुद्रकाठच्या लिंक्सवर जमीन वाळूची आणि कडक, बॉल पडला की पळत सुटतो, इथे गवत दाट, माती ओलसर, पाऊस झाला की बॉल पडेल तिथेच बसतो, आणि दोन फेअरवेंच्या, म्हणजे खेळायच्या कापलेल्या गवती पट्ट्यांच्या, मध्ये जुनी ओक-बीचची झाडं. उत्तरेत त्यात भर क्निकची. क्निक म्हणजे मातीचा साधारण मीटरभर उंचीचा बांध आणि त्यावर हेझल, हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नची दाट कुंपणझाडी. मुख्यतः अठराव्या शतकात जमिनींची नव्याने वाटणी झाली तेव्हा गुरं अडवायला आणि सरपण मिळवायला हे घातले, वारापण अडतो, आणि दर 10-15 वर्षांनी झाडी बुंध्यापर्यंत छाटतात, ती परत फुटते. आज कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे कोर्स आखणाऱ्याला जुन्या शेताच्या हद्दी सांभाळूनच होल बसवावी लागतात. म्हणजे खेळताना तुम्ही खरं तर जुन्या शेतांच्या बांधांवरूनच फटके मारत असता. बॉल क्निकमध्ये गेला तर शोधायला 2019 पासूनच्या नियमाने तीनच मिनिटं, आणि ब्लॅकथॉर्नचे काटे बघता तेवढी पण जास्तच वाटतात.

पाहुण्याने नुसतं पैसे भरून खेळायला जाऊ नये, परत पाठवतील. जर्मनीत प्लाट्सरायफे लागतं, म्हणजे नियम, शिष्टाचार आणि खेळ यांची परीक्षा पास झाल्याचा दाखला, एक प्रकारचं गोल्फचं लायसन्सच. बाहेरून येणाऱ्याने आपल्या क्लबचं हँडिकॅप कार्ड (हँडिकॅप म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा) दाखवायचं. वेळ आधी बुक करायची, त्याला श्टार्टत्साइट म्हणतात आणि ती पाळतात. भारतात खेळलेल्याला दोन गोष्टी नक्की खटकतील. एक म्हणजे कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, नाही, बॅग ट्रॉलीवर घालून स्वतःच ओढायची, ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉलने पाडलेला खळगा छोट्या काट्याने स्वतःच उचलून सारखा करायचा. दुसरं म्हणजे अंतरं मीटरमध्ये. ग्रीनपर्यंतचं अंतर सांगणारा 150 चा खांब बघून सवयीने यार्ड समजून क्लब (खेळायची काठी) काढला की बॉल बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, कारण 150 मीटर म्हणजे 164 यार्ड, जास्त लांब मारणारी काठी हवीच.

स्पर्धांच्या बाबतीत यातलं सगळ्यात गाजलेलं नाव गूट काडेनच. 27 होल, मधून पिनाऊ नावाची छोटी नदी, आणि युरोपियन टूरची (युरोपातल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेची) मोठी स्पर्धा अनेक वर्षं इथे झाली. 1995 मध्ये जर्मनीचाच बर्नहार्ड लांगर जिंकला, 1998 आणि 2000 ला ली वेस्टवुड, 2003 ला पॅड्रेग हॅरिंग्टन.

जायचं तर मे-जून. जूनच्या शेवटी हॅम्बुर्गकडे सूर्य रात्री दहाच्या जरासा आधी मावळतो, म्हणजे संध्याकाळी पाचला सुरुवात करूनही 18 होल निवांत होतात. मात्र किचन आधीच बंद होऊ शकतं, तेव्हा ऑर्डर विचारून ठेवलेली बरी, खासकरून श्पार्गेल खायचं असेल तर. हे पांढरं शतावरीसारखं देठ, उकडलेले बटाटे आणि वितळलेल्या लोण्याबरोबर देतात, आणि 24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, सीझन संपतो. त्यानंतर शेतकरी ते काढत नाहीत, मुळांना पुढच्या वर्षासाठी ताकद धरू देतात.