उणे दीड गुणांची शाळा

इंग्लंडमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांची २०१२ पासून एक छोटी तोंडी चाचणी घेतात. चाळीस शब्द मोठ्याने वाचायचे. त्यांतले वीस खरे, वीस निव्वळ बनावट. अक्षरं पाहून उच्चार जुळवता येतो का, एवढंच पाहायचं असतं. ३२ शब्द बरोबर आले की मूल पार. पहिल्याच वर्षी देशभरच्या गुणांचा आलेख काढला, तर ३१ पाशी खड्डा आणि ३२ वर एकदम सुळका! मुलांचं वाचन असं एका आकड्यावर उडी मारत नाही. चाचणी घेतात वर्गातलेच शिक्षक. ३१ वर अडकलेल्या पोराचा एखादा अर्धामुर्धा उच्चार त्यांनी पदरात घेतला असणार. मला त्यात लबाडीपेक्षा माया जास्त दिसते. २०१४ पासून पार होण्याची रेषा आधी सांगणं बंद झालं, पण ती पुढेही ३२ वरच येत राहिली आणि सुळकाही हटला नाही.

रेषा आखली की तिच्याभोवती गर्दी होते, आणि शाळेच्या निकालातला सर्वांत ठळक आकडा अशा रेषेवरच उभा असतो. अकराव्या वर्षी मुलं ‘सॅट्स’ नावाच्या सरकारी परीक्षा देतात. वाचन आणि गणिताचे गुण ८० ते १२० या पट्टीवर बसवले जातात. १०० म्हणजे अपेक्षित पातळी. लेखन शिक्षक तपासतात. तिन्हींत ही पातळी गाठणारी मुलं २०१६ मध्ये ५३ टक्के होती, २०१९ मध्ये ६५ टक्के. तीन वर्षांत मुलं एवढी हुशार झाली? २०१६ ला नवा, जड अभ्यासक्रम पहिल्यांदाच परीक्षेत उतरला होता. पुढे त्याची सवय झाली असावी, असं मी समजतो.

या टक्केवारीत ९९ गुणांचं मूल नापास आणि १०० चं पास. १०० आणि ११८ मात्र एकाच मापाचे. वर्गात २८ मुलं असतील तर एक मूल म्हणजे साडेतीन टक्के. शिवाय शाळेत कोणती मुलं आली, यावरच हा आकडा बराचसा ठरतो.

म्हणून २०१६ पासून त्याच्या शेजारी ‘प्रगती गुण’ छापू लागले. कल्पना सोपी आहे. सातव्या वर्षी साधारण सारख्या पातळीवर असलेल्या देशभरच्या मुलांचा एक गट करायचा. असे वीसहून अधिक गट होतात. समजा, एका गटाची अकराव्या वर्षीची गणिताची सरासरी १०४ आली. त्या गटातल्या मुलीला १०७ मिळाले, तर तिची प्रगती अधिक ३. मुलाला १०१ मिळाले, तर तो पास असूनही उणे ३. दुसऱ्या गटाची सरासरी ९३ असेल आणि त्यातल्या कुणी ९७ मिळवले, तर ते मूल नापास, पण प्रगती अधिक ४. शाळेतल्या अशा सगळ्या फरकांची सरासरी म्हणजे शाळेचा प्रगती गुण.

इथे पालक हमखास फसतात. शून्य म्हणजे मुलं काहीच शिकली नाहीत असं नव्हे. देशातल्या तशाच मुलांइतकं शिकली, एवढाच त्याचा अर्थ. सगळा देश पुढे सरकला तरी सरासरी शून्यच राहणार, आणि कुणी ना कुणी उण्यात असणारच.

आता उणे दीड गुणांची शाळा घ्या. वाईट? आधी विचारा, मुलं किती. मुलामुलांतल्या फरकाचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, ६ धरलं आणि मुलं २५ असली, तर आकड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे २.४ गुणांची सैल जागा ठेवावी लागते. म्हणजे खरी किंमत उणे ३.९ पासून अधिक ०.९ पर्यंत कुठेही असू शकते. शाळा सरासरीहून वेगळी आहे असं म्हणताच येत नाही. मुलं १०० असती तर ही जागा १.२ वर येते आणि तोच उणे दीड शून्यापासून स्पष्ट वेगळा दिसतो. या पट्ट्याला विश्वास अंतराल म्हणतात. सरकारी तक्त्यात तो शेजारीच दिलेला असतो, आणि तो सोडून लोक क्रमांक बघतात. हार्वे गोल्डस्टीन आणि डेव्हिड स्पीगलहॉल्टर या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच अशा क्रमवारीबद्दल सावध केलं होतं.

लहान वर्गात एक मूलही तोल घालवतं. परीक्षेच्या आठवड्यात आजारी पडलेल्या मुलाची प्रगती उणे २५ आली, तर पंचवीस जणांच्या वर्गाचा आख्खा एक गुण गेला. २०१८ मध्ये अशा टोकाच्या उण्याला मर्यादा घातली, ते बरं झालं.

पण मापाच्या सुरुवातीचं टोक जास्त नाजूक आहे. सातव्या वर्षीची पातळी शिक्षकच ठरवत. जी शाळा मुलाला अकरापर्यंत सांभाळणार, तिला तो आकडा बेताचा असलेला सोयीचा. जी शाळा सातव्या वर्षीच निरोप देणार, तिचा तोच शेवटचा निकाल. सातनंतरची मुलं घेणाऱ्या ‘ज्युनियर’ शाळांचे प्रगती गुण सरासरीने कमी पडत, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. त्यातून घरची गरिबी या हिशेबात धरलेलीच नाही. ती धरणारी जुनी पद्धत २०१० नंतर सोडून दिली.

२०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे सातव्या वर्षीचं मूल्यमापन झालंच नाही. ती मुलं २०२४ आणि २०२५ मध्ये सॅट्सला बसली. सुरुवातच नाही, तर प्रगती कशातून वजा करणार? त्या दोन वर्षांचे प्रगती गुण निघाले नाहीत. आता सुरुवातीचं टोक चौथ्या-पाचव्या वर्षावर नेलं आहे. शाळेत पाऊल टाकताच पहिल्या सहा आठवड्यांत एक छोटी चाचणी होते, तिचे गुण शाळेलाही कळवत नाहीत, म्हणजे ते फुगवण्या-दाबण्याचा मोह कमी व्हावा. २०२१ च्या सप्टेंबरात ही चाचणी दिलेली मुलं २०२८ मध्ये सॅट्स देतील, तेव्हा या मापाचे पहिले गुण येतील. ज्युनियर शाळांना मात्र ते मिळणार नाहीत, कारण त्यांच्याकडे मूल येतं तेच सातव्या वर्षी.