मालमोटार चालकांचे कामाचे तास

मालमोटार (ट्रक) चालकाकडून दिवसाला व आठवड्याला किती तास काम घ्यावे, यासंबंधीचे निर्बंध आणि त्यांची प्रत्यक्षातील स्थिती. भारतात या निर्बंधांचा मुख्य आधार दीर्घकाळ मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा होता. कलम १३ नुसार मर्यादा दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास होती. लांब पल्ल्याच्या मार्गांवर किंवा सणासुदीला ती मंजुरी घेऊन १० व ५४ तासांपर्यंत वाढवता येई. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची मोकळीक व साप्ताहिक सुटी यांचीही तरतूद होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ मध्ये वेगळा आकडा नाही. तेथे १९६१ च्याच अधिनियमाकडे बोट दाखविले आहे. पुढे तो अधिनियम धरून एकूण तेरा कामगार कायदे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाले. संहितेची अंमलबजावणी २१ नोव्हेंबर २०२५ पासून जाहीर झाली.

या निर्बंधांचे मूळ सामान्यतः १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ६५ मध्ये मानले जाते. तासांना मर्यादा घालण्याची कल्पना आणि अर्ध्या तासाची विश्रांती यांपुरते ते पटण्यासारखे आहे. १९६१ च्या अधिनियमातील ‘कामाचे तास’ या संज्ञेची व्याख्या मात्र आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९३९ च्या, रस्ता वाहतुकीविषयीच्या अभिसंधी (आंतरराष्ट्रीय करार) क्र. ६७ शी इतकी मिळतीजुळती आहे, की ती तेथूनच आली असावी. भारताने ती अभिसंधी स्वीकारलेली नसली, तरी तिची शब्दरचना मसुदाकारांसमोर असणे शक्य आहे.

ही व्याख्या बारकाईने पाहण्याजोगी आहे. कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो सर्व वेळ म्हणजे कामाचे तास, असे तिच्या आरंभी म्हटले आहे. त्यात गाडी चालू असतानाचे काम, हिशेब, नोंदी, देखभाल, माल चढविणे-उतरविणे यांसारखे पूरक काम, आणि अंतिम थांब्यांवरील पंधरा मिनिटांपेक्षा कमी काळाची नुसती हजेरी यांचा समावेश होतो. अंतिम थांबा, ठरलेले वेळापत्रक ही भाषा उघडच बसवाहतुकीची आहे. कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत रात्र काढणाऱ्या ट्रकचालकाला ती लावली, की प्रश्न उभा राहतो. शब्दशः अर्थ घेतल्यास पंधरा मिनिटांपुढील थांबणे गणतीत येत नाही. व्याख्येचे आरंभीचे शब्द निर्णायक मानले, तर रांग पुढे सरकेल म्हणून जागा राहिलेल्या चालकाची सारी रात्र कामात धरावी लागते. कायद्याच्या हेतूशी दुसरा अर्थ अधिक सुसंगत वाटतो. व्यवहारात पहिलाच चालतो.

चालकाचा थकवा मुख्यतः येथेच साठतो. गाडी भरायला दिवस जातो आणि प्रवास रात्री सुरू होतो. पहाटे दोन ते सहा या काळात शरीराची झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते. मोबदला बहुधा फेरीवर ठरतो, त्यामुळे थांबलेल्या तासांची किंमत चालकाच्या पदरात पडत नाही. हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याची भरपाई) मिळालेच तर ते गाडीमालकाला. मालकाचा दबाव लेखी हुकमाच्या रूपात क्वचितच असतो. ‘कुठे पोचलास?’ हा फोन, उशीर झाल्यास भाड्यातून होणारी कपात आणि पुढची फेरी दुसऱ्याला जाण्याची धास्ती एवढे पुरते. मालाच्या ई-वे बिलाला (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याला) मुदत असते (१ जानेवारी २०२१ पासून दर २०० किमी.ला एक दिवस) आणि ती संपल्यास गाडी अडविली जाऊ शकते. चालकाच्या तासांची अशी तपासणी नाक्यावर होत नाही.

राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर किमान दोन चालक असावेत आणि दुसऱ्याला अंग पसरून झोपता येईल एवढे पूर्ण लांबीचे आसन असावे, अशी अट केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९० मध्ये होती. दोन चालकांची अट २०१८ मध्ये काढण्यात आली. थकव्याच्या दृष्टीने हा बदल कलम १३ इतकाच महत्त्वाचा असूनही त्याची चर्चा कमी झाली.

अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत ११ तास गाडी चालविता येते; डिसेंबर २०१७ पासून बहुतेक चालकांची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्रावर होते. नियम मोडण्यास भाग पाडणाऱ्या वाहतूकदाराबरोबरच माल पाठविणाऱ्यालाही जबाबदार धरणारा नियम तेथे २०१६ पासून आहे. यूरोपीय संघाच्या विनियम ५६१/२००६ ने, सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतरावर वा वाहून नेलेल्या मालाच्या प्रमाणावर मोबदला देण्यास मनाई केली आहे. भारतीय कायद्याने मोबदल्याच्या पद्धतीला हात घातलेला नाही.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात अतिवेग, मद्यपान, मोबाइलचा वापर अशी वर्गवारी असते. थकव्याचा स्वतंत्र रकाना नाही. एस. राजसीकरन विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये चालकांच्या कामाच्या तासांच्या अंमलबजावणीकडे केंद्राचे व राज्यांचे लक्ष वेधले. १९६१ चा अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. राज्यांना ही मर्यादा खाली आणता येत असली, तरी हप्त्यावर घेतलेली एकच गाडी स्वतः चालविणारा मालक-चालक कोणाचा कामगार नसल्याने या तरतुदींबाहेरच राहिला.